फ्रीज असो वा नसो, आईचे दूध वाया जाऊ देऊ नका

कामावर जाणारी आई आपल्या बाळासाठी स्वतःचे दूध काढून मागे ठेवून जाऊ शकते, ही साधी गोष्ट आपल्या पुष्कळ घरांतून अजून ठाऊक नाही. बाळ तीन-चार महिन्यांचे झाले, आईची मजुरी किंवा नोकरी पुन्हा सुरू झाली, की शेजारपाजारच्या बायका एकच सल्ला देतात, "आता वरचे दूध लाव." मग पावडरचा डबा येतो, बाटली येते, विहिरीचे किंवा टाकीचे पाणी त्यात जाते, आणि आठ-पंधरा दिवसांत बाळाला जुलाब लागतात. इकडे आईचा ब्लाऊज कामावर भिजत असतो. दूध आहे, पण ते बाळापर्यंत पोचत नाही.

या लेखासाठी आम्ही मुद्दाम सुरगाणा डोळ्यांपुढे ठेवला आहे. नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून असलेला हा डोंगराळ आदिवासी तालुका. बोरगाव, उंबरठाण, बाऱ्हे अशी मोजकी मोठी गावे, आणि बाकी पाडे. पावसाळ्यात वीज गेली की ती केव्हा येईल याचा भरवसा नाही. पुष्कळ घरांत फ्रीज नाही. दूध सांभाळण्याची रीत इथे जमली तर चाळीत, झोपडपट्टीत, कुठेही जमेल.

सुरगाण्यातल्या कामकरी आया दोन प्रकारच्या. एक म्हणजे हंगामात दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांवर जाणाऱ्या. ऑक्टोबरची छाटणी, मग थिनिंग, डिपिंग, आणि पुढे खुडा. तिथे मुक्काम महिना-दोन महिने असतो. या भगिनींना आम्ही स्पष्टच सांगतो, दूध साठवण्याच्या भानगडीत न पडता तान्हे बाळ बरोबर न्या. पाड्यावर आजीजवळ ठेवलेल्या बाळाला दिंडोरीहून दूध पोचवता येत नाही, आणि पाजणे बंद झाले की दूधही आटते. बागेच्या कडेला झोळी बांधली, तासा-दोन तासांनी अंगावर पाजले, तर साठवण्याचा प्रश्नच उरत नाही. फक्त दोन पथ्ये पाळावीत. फवारणी चालू असेल तेव्हा झोळी दूर न्यावी, आणि औषधाचे हात साबणाने धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये. "उन्हातून आलीस, पहिले दूध पिळून टाक" असे म्हातारी माणसे म्हणतात. तसे करण्याचे कारण नाही. उन्हाने अंगातले दूध नासत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे रोज कामाला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या आया. अंगणवाडी सेविका, आशा, दवाखान्यातल्या परिचारिका, आश्रमशाळेतल्या शिक्षिका आणि स्वयंपाकी, दुकानात बसणाऱ्या. यांच्यासाठी पुढची सारी माहिती आहे.

दूध काढायला यंत्र लागत नाही. पंपाचे भाग नीट धुऊन उकळता येत नसतील तर हातच बरा, कारण हात धुणे सोपे. आधी एक झाकणाची स्टीलची डबी घासून, पाण्यात दहा मिनिटे उकळून, स्वच्छ जागी उपडी घालावी. आतून फडक्याने पुसू नये, फडक्याची घाण पुन्हा तिला लागते. हात साबणाने धुवावेत. छातीला कोमट फडके लावून हलके चोळावे. मग अंगठा वर आणि बोटे खाली, काळ्या भागाच्या कडेवर ठेवून आधी छातीच्या दिशेने मागे दाबायचे आणि मग बोटे एकमेकांकडे आणायची. नुसते टोक ओढले तर दूध येत नाही, उलट दुखते. पहिली एक-दोन मिनिटे थेंबच येतील. घाबरू नये, मग धार लागते. बोटे सगळीकडे फिरवत दोन्ही बाजू मिळून वीस ते तीस मिनिटे लागतात. घाईने हे काम होत नाही, आणि पहिल्या दिवशी अर्धी वाटी निघाली म्हणून "मला दूधच नाही" असे समजणेही चूक आहे. कामावर असतानाही तीन-चार तासांनी काढले तर दूध आटत नाही आणि छातीत गाठी होत नाहीत.

आता ही वीस मिनिटे कामावर द्यायची कोणी, असे भगिनी विचारतात, आणि प्रश्न बरोबर आहे. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामगार स्त्रीला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला नेहमीच्या सुटीशिवाय दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुटी दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा २६ आठवडे झाली, आणि पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर आले. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. द्राक्षबागेतल्या मजूर बाईला यातले काही मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण जिला मिळते तिने त्या दोन सुट्या मागून घ्याव्यात.

काढलेले दूध फ्रीजशिवाय किती टिकते? साधा हिशेब चार तासांचा आहे. काही माहितीपत्रकांत सहा-आठ तासही लिहिलेले आढळते. आम्ही मुद्दाम कमीचा आकडा सांगतो, कारण हा हिशेब खोलीत साधारण २५ अंशांपर्यंत उष्णता असेल तेव्हाचा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दुपारी किती तापते ते आपण जाणताच. तेव्हा दोन तासांत संपवावे. डबी चुलीपासून दूर, सावलीत, माठाशेजारी पसरट भांड्यात गार पाणी घेऊन त्यात ठेवावी. वरून ओले फडके टाकावे. याने दूध तापत नाही, पण याला फ्रीज समजून तास वाढवू नयेत.

रुंद तोंडाचा थर्मास घरात असेल तर त्याचा फार उपयोग होतो. थर्मासात बर्फ भरायचा आणि घट्ट झाकणाची डबी त्यात बसवायची. बर्फ शिल्लक आहे तोवर दूध एक दिवसपर्यंत चांगले राहते. बर्फ बाजारातला असेल तर तो घाण पाण्याचा असू शकतो, म्हणून वितळलेले पाणी डबीत शिरणार नाही इतके झाकण पक्के हवे आणि उघडण्याआधी डबी बाहेरून धुवावी. कामावर काढलेले दूध संध्याकाळी घरी आणायलाही हीच युक्ती.

वेळ लक्षात कशी ठेवायची? घरी बाळ सांभाळणाऱ्या आजीला लिहिता-वाचता येत नसेल तर डबीला दोरा बांधावा. पहाटे काढलेल्याला लाल, निघताना काढलेल्याला पांढरा. लाल आधी संपवायचा. घड्याळ नसेल तर "बाराची एस.टी. गेली की उरलेले टाकून द्या" असे सांगावे. ते आजीच्या पक्के लक्षात राहते.

आजीला आणखी एक गोष्ट समजावून सांगावी लागते, आणि ती सर्वांत अवघड. आपल्या घरात कोणतेही दूध आले की ते आधी तापवायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. गाई-म्हशीच्या दुधाला ती योग्यच आहे. पण आईचे दूध उकळायचे नाही. त्या दुधात जिवंत पेशी असतात, जंतूंशी लढणारी द्रव्ये असतात, आणि त्यांच्यामुळेच ते काही तास बाहेर टिकते. उकळले की हे मोठ्या प्रमाणात नष्ट होते. उकळल्याने राहून गेलेले दूध पुन्हा चांगलेही होत नाही.

"मग मोठ्या इस्पितळात दूध तापवतात ते का?" असे कोणी विचारील. मुंबईचे शीव रुग्णालय, म्हणजे लोकमान्य टिळक रुग्णालय, धारावीच्या लगत आहे. तिथे २७ नोव्हेंबर १९८९ रोजी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळे, ज्यांच्या आईला अजून दूध येत नाही किंवा आई फार आजारी आहे, त्यांच्यासाठी दुसऱ्या माता तिथे दूध देतात. ते दूध परके असते म्हणून देणाऱ्या मातेच्या रक्ताची तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर बरोबर तीस मिनिटे ठेवले जाते, जंतू उरले नाहीत ना ते पाहिले जाते, आणि मग शून्याखाली २० अंशांवर गोठवतात. ही उकळी नव्हे. स्वतःच्या निरोगी बाळासाठी स्वतःचे दूध ठेवणाऱ्या आईला याची गरज नसते. मात्र यातून एक ध्यानात घ्यावे, शेजारणीने काढून दिलेले दूध न तपासता आपल्या बाळाला पाजू नये, माया कितीही असली तरी.

सुरगाण्याहून बाळ नाशिकला कमी वजनाच्या बाळांच्या कक्षात हलवावे लागले, तर आईने पहिल्या दिवसापासून दर दोन-तीन तासांनी दूध काढावे. पहिला पिवळा चीक चमचाभर निघाला तरी तो टाकायचा नाही. परिचारिकेला विचारून तो बाळाला द्यायचा.

ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांचा हिशेब वेगळा. खालच्या कप्प्यात, आतल्या बाजूला ठेवलेले दूध चार दिवस राहते. दारात ठेवू नये, दार उघडताना तिथे ऊब लागते. एका दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे, आणि वेगळ्या दाराच्या फ्रीजरमध्ये, जिथे शून्याखाली १८ अंश राहतात, सहा महिनेपर्यंत. गोठवताना डबी काठोकाठ भरू नये, दूध गोठले की फुगते. एका डबीत ६० ते १०० मिलिलिटरच, म्हणजे बाळाच्या एका वेळेपुरते. आत्ता काढलेले कोमट दूध आधीच्या गार दुधात ओतू नये. ते वेगळे गार करून मग मिसळावे.

गोठलेले दूध वितळवतानाच बहुतेकांची चूक होते. गडबडीत डबी गॅसवर ठेवतात किंवा उकळत्या पाण्यात बुडवतात. चांगली रीत म्हणजे आदल्या रात्री डबी बर्फाच्या कप्प्यातून काढून खालच्या कप्प्यात ठेवणे. सकाळपर्यंत ती सैल होते. पूर्ण वितळल्यापासून चोवीस तासांत ते दूध संपवावे, तेही फ्रीजमध्येच ठेवून. बाहेर काढले की एक-दोन तास. घाई असेल तर वाडग्यात कोमट पाणी घेऊन डबी त्यात उभी करावी, झाकण पाण्यावर राहील अशी, आणि पाणी गार झाले की बदलावे. मायक्रोवेव्ह असेल त्यांनीही तो वापरू नये. त्यात दूध कुठे गार, कुठे चटका बसेल इतके गरम होते आणि बाळाचे तोंड भाजते. एकदा वितळलेले दूध पुन्हा गोठवायचे नाही.

ठेवलेल्या दुधावर साय वेगळी होते, खाली निळसर पाणी दिसते. हे पाहून "फाटले" म्हणून कितीतरी दूध मोरीत जाते. ते फाटलेले नसते. डबी हलकेच गोल फिरवली की एकजीव होते. कधी साबणासारखा वास येतो, तोही दुधातल्या स्निग्धाचाच असतो. आंबूस वास आला, किंवा फिरवूनही गुठळ्या मोडल्या नाहीत, तर मात्र टाकावे. पाजण्याआधी एक थेंब मनगटावर टाकून पाहावा.

पाजायला बाटली नको. वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले घ्यावे. बाळाला मांडीवर जरा उभे धरून वाटीची कड खालच्या ओठाला टेकवावी, बाळ जिभेने आपोआप घेते. ओतू नये, ठसका लागतो. बाटलीच्या बुचात दूध सुकून राहते आणि तिथेच जंतू वाढतात. बाटल्या आणि बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. ती उगाच घातलेली नाही. बाळाचे तोंड लागलेले दूध उरले तर दोन तासांच्या आत पुन्हा द्यावे, नंतर नाही.

राहिला वीज जाण्याचा प्रश्न. वीज गेली की फ्रीजचे दार उघडूच नये. बंद दाराचा फ्रीज साधारण चार तास गार राहतो. गोठलेल्या दुधात बर्फाचे कण दिसत असतील तर वीज आल्यावर ते पुन्हा गोठू द्यायला हरकत नाही. सगळे पाणी झाले असेल तर चोवीस तासांत वापरावे, आणि ऊब लागली असेल तर टाकावे. पण आपण दिवसभर बाहेर असताना वीज गेली, आली, पुन्हा गोठले, तर कळणार कसे? एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवा आणि ती वाटी दुधाच्या डब्यांशेजारी राहू द्या. संध्याकाळी नाणे बर्फावर दिसले तर दूध ठीक आहे. नाणे बर्फात तळाशी गेलेले दिसले, तर मधल्या वेळात सारे वितळून पुन्हा गोठले आहे, ते दूध बाळाला देऊ नका.