चहाच्या टेबलावरचा वर्णद्वेष

'टू किल अ मॉकिंगबर्ड' म्हटलं, की बहुतेकींच्या डोळ्यांपुढे येतो तो ॲटिकस फिंच. १९६२च्या सिनेमातला चष्मेवाला ग्रेगरी पेक आणि त्याचं कोर्टातलं भाषण. त्या भूमिकेसाठी त्याला ऑस्करही मिळालं. पण हार्पर ली यांची ही १९६०ची कादंबरी सांगते कोण, तर स्काउट नावाची एक लहान मुलगी. गोष्ट सुरू होते तेव्हा ती जेमतेम सहा वर्षांची. मला विचाराल, तर कोर्टातल्या खटल्यापेक्षा घरात, शाळेत आणि चहाच्या टेबलाशी तिच्या कानावर जे पडतं, तेच जास्त अस्वस्थ करतं.

काळ १९३०च्या दशकातला, स्थळ अमेरिकेच्या दक्षिणेतलं अलाबामा राज्य. १८९६मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 'वेगळं पण समान' या तत्त्वावर शिक्का मारला होता. त्यातलं 'समान' नावापुरतं, 'वेगळं' मात्र अगदी पक्कं! काळ्यांच्या शाळा वेगळ्या, चर्च वेगळं, कोर्टात बसायची जागासुद्धा वेगळी, वर गॅलरीत. १९३१मध्ये याच राज्यात स्कॉट्सबरो इथं नऊ काळ्या मुलांवर दोन गोऱ्या मुलींवरील बलात्काराचा खोटा आरोप ठेवला गेला. त्यांच्यातला सर्वात मोठा होता अवघा १९ वर्षांचा.

कादंबरीतल्या टॉम रॉबिन्सनवरही तसाच आरोप आहे. त्याचा डावा हात लहानपणीच कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. मेयेला युएलला मार बसलाय तो चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे समोरच्याच्या डाव्या हाताचा. सगळं लख्ख दिसत असतं. तरीही ज्यूरी त्याला दोषी ठरवते. ज्यूरीत सगळे गोरे पुरुष. अलाबामात बायकांना ज्यूरीत बसायला १९६६ उजाडावं लागलं!

पण बायका ज्यूरीत नव्हत्या म्हणून त्या या सगळ्यापासून लांब होत्या असं थोडंच आहे? स्काउटच्या आत्याचा एक नातू आहे, फ्रान्सिस. नाताळात सगळे एकत्र जमलेले असताना तो ॲटिकसबद्दल घाणेरडं बोलतो. एवढ्याशा पोराच्या तोंडी हे शब्द आले कुठून? आजीकडून. आजी घरात म्हणते, नातू अंगणात म्हणतो. स्काउट त्याला ठोसा मारते आणि तिची बाजू ऐकून न घेता मार मात्र तिलाच बसतो.

मग शाळेतल्या गेट्सबाई. वर्गात हिटलर ज्यूंचा छळ करतो म्हणून हळहळतात, आपल्याकडे लोकशाही आहे, असं मुलांना समजावतात. त्याच बाई कोर्टातून बाहेर पडताना मात्र म्हणतात, की या लोकांना आता चांगला धडा मिळायला हवा. स्काउटला हे कोडं काही सुटत नाही. घरी येऊन ती भावाला विचारते, तर तो तिच्यावर ओरडतो.

आणि तो चहाचा प्रसंग! स्काउटच्या आत्याकडे चर्चच्या महिला मंडळाची बैठक भरते. आफ्रिकेतल्या कुठल्याशा जमातीच्या हालांबद्दल मेरीवेदरबाईंचे डोळे भरून येतात. लगेच त्याच सुरात त्या आपल्या मोलकरणीबद्दल तक्रार करतात, की खटल्यापासून ती तोंड पाडून असते. आपण तिला कामावर ठेवलंय हेच उपकार, असा एकूण आविर्भाव. केक खात खात हे सगळं चाललेलं आणि आठ वर्षांची स्काउट गुलाबी फ्रॉक घालून बश्या फिरवतेय. बाईमाणसानं चारचौघींत कसं वागावं, याचे धडे घेतेय म्हणा ना! अशा बैठकींना मी पुष्कळ बसलेय, त्यामुळे तो सूर मला फार ओळखीचा वाटला.

एवढं सगळं ऐकत वाढणाऱ्या मुलीवर परिणाम होणारच. सरकारी वकील टॉमला उलटसुलट प्रश्न विचारताना ज्या तुच्छतेनं बोलतो, ते ऐकून स्काउटचा दोस्त डिल रडायला लागतो. तेव्हा त्याची समजूत काढताना स्काउट काय म्हणते? शेवटी तो काळाच तर आहे, अशा अर्थाचं काहीतरी. ॲटिकसची मुलगी! सिनेमातल्या ॲटिकसवर भाळलेले लोक हे वाक्य सहसा विसरतात. २०१५मध्ये लीबाईंची 'गो सेट अ वॉचमन' आली, त्यात म्हातारा ॲटिकस वेगळेपणाचीच बाजू घेताना दिसला आणि जगभरच्या वाचकांना धक्का बसला. मला तितकासा बसला नाही.

आमच्या वाचन मंडळात यावर बोलणं झालं, तेव्हा एका मैत्रिणीनं विचारलं, "कॅलपर्निया दिवसभर फिंचांच्या मुलांना सांभाळते, मग तिच्या स्वतःच्या मुलांचं काय?" कॅलपर्निया म्हणजे फिंचांकडची स्वयंपाकीणबाई. तिच्या मोठ्या मुलाबद्दल, झीबोबद्दल, पुस्तकात थोडं कळतं. तो गावचा कचरा उचलतो. आईनं त्याला घरीच वाचायला शिकवलंय, कारण तो लहान असताना काळ्यांच्या मुलांना शाळाच नव्हती. चर्चमध्ये बहुतेकांना वाचता येत नाही, म्हणून तो एकेक ओळ म्हणतो आणि बाकीचे त्याच्यामागून गातात. कॅलपर्निया फिंचांकडे एक भाषा बोलते, आपल्या माणसांत दुसरी. धुणंभांडी करणाऱ्या बायकांबरोबर काम करताना ही कसरत मी रोज बघते.

काळ्या मुलांचं बालपण या पुस्तकात असं कडेकडेनंच येतं. टॉमला तीन मुलं. तो तुरुंगात गेल्यावर त्याच्या बायकोला, हेलनला, कुणी काम देईना. मुलांना घरी टाकून जाता येत नाही. तिला मदत म्हणून चर्चमध्ये दहा डॉलर जमेपर्यंत पाद्री दार उघडू देत नाहीत.

टॉम तुरुंगातून पळताना मारला जातो, सतरा गोळ्या लागून. ती बातमी येते नेमकी त्या चहाच्या वेळी. ॲटिकस कॅलपर्नियाला घेऊन हेलनच्या घरी जातो, इकडे बैठक चालूच राहते. हेलनच्या दारात एक चिमुरडी उभी असते, केसांच्या छोट्या छोट्या वेण्या आणि प्रत्येकीला रंगीत रिबीन. ॲटिकसला बघून ती तोंडभर हसते, पण पायऱ्या काही उतरता येत नाहीत. तो टोपी काढतो, आपलं बोट तिच्यापुढे धरतो, ती ते घट्ट पकडून खाली उतरते. आपल्या घरी हा माणूस कशासाठी आलाय, हे त्या पोरीला अजून ठाऊक नसतं.