विरल मृत्तिका कार्बाइडे

लँथॅनमापासून ल्युटेशियमापर्यंतची मूलद्रव्ये, तसेच इट्रियम व स्कँडियम यांची कार्बनाबरोबरची संयुगे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासां (१८५२–१९०७) यांनी १८९६ च्या सुमारास विद्युत् भट्टीत ऑक्साइड व कार्बन एकत्र तापवून यांपैकी काही प्रथम तयार केली.

लँथॅनम डायकार्बाइडाची स्फटिकरचना कॅल्शियम कार्बाइडासारखी असून तीत कार्बनाचे अणू जोडीने असतात. कॅल्शियम कार्बाइड विद्युत् निरोधक आहे. लँथॅनमाचा तिसरा संयुजी इलेक्ट्रॉन मात्र मोकळा राहत असल्याने त्याचे डायकार्बाइड धातूप्रमाणे विद्युत् संवाहक असते. ते २,३००° से.च्या वर वितळते.

असा उच्चतापसह पदार्थ दमट हवेत मात्र टिकत नाही. पाण्याशी विक्रिया होऊन ॲसिटिलीन व इतर हायड्रोकार्बने बाहेर पडतात आणि हायड्रॉक्साइडाचा भुगा उरतो. म्हणून त्याचा वापर निर्वातात किंवा अक्रिय वायूतच करावा लागतो.

जिनीव्हाजवळील सेर्न या संस्थेत लँथॅनम कार्बाइड व ग्रॅफाइट यांच्या लक्ष्यावर उच्च ऊर्जेचे प्रोटॉन आदळवून अल्पायुषी किरणोत्सर्गी समस्थानिके मिळवितात. क्षय होण्यापूर्वी ती बाहेर पडावीत म्हणून लक्ष्य अतितप्त ठेवतात. वापरलेले लक्ष्य किरणोत्सर्गी असल्याने त्याला ओलावा लागू न देणे ही सुरक्षिततेची बाब ठरते.

कल्पाक्कम येथील १९८५ मध्ये कार्यान्वित झालेल्या द्रुत प्रजनक चाचणी अणुभट्टीत युरेनियम-प्लुटोनियम कार्बाइड हे इंधन वापरले गेले. अशा इंधनात भंजनातून विरल मृत्तिका मूलद्रव्ये निर्माण होऊन त्यांची कार्बाइडे बनतात; त्यामुळे त्यांचे उच्च तापमानातील गुणधर्म इंधनाच्या अभ्यासात महत्त्वाचे आहेत. आर्द्रतेपासून संरक्षणाचा प्रश्न सुटेल त्या प्रमाणातच या पदार्थांचे इतर उपयोग वाढू शकतील.