जागल्याची हाक

पनवेलहून उरणच्या रस्त्याला लागलात की मोठमोठ्या लोखंडी पेट्या वाहणाऱ्या ट्रेलरांची रांग तुम्हांला दिसेल. ही वर्दळ न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदराची. २०१७ सालच्या जूनअखेरीस या बंदरातील एका धक्क्याचे काम एकाएकी अडले. संप नाही, वादळ नाही. हा धक्का मर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहाकडे होता, आणि २७ जूनला तिच्या संगणकांत ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम शिरला होता. कोणती पेटी कुणाची, कुठे ठेवलेली, हे सारे संगणकाच्या पोटात. तोच मुका झाल्यावर माणसांनी कागद-पेन्सिल घेऊन किती काम ओढायचे?

चोर आत आला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीबरोबर. म्हणजे रोजच्या दूधवाल्याच्या किटलीत बसूनच आला म्हणा ना!

मग राखण कशी करायची? आपल्या गावगाड्यात जागल्या असे. तो चोर दोन रीतींनी ओळखी. एक, तोंडओळखीने : हा मागच्या साली पकडलेला. दुसरी, वागणुकीवरून : माणूस अनोळखी नाही, पण रात्री दोन वाजता गोठ्यामागे याचे काय काम? संगणकातही असा जागल्या ठेवतात. जुन्या घातक प्रोग्रामांच्या खुणांची यादी तो जवळ बाळगतो. शिवाय कोण केव्हा येतो, किती फायली उघडतो, याची नोंद ठेवून त्यात काही वावगे दिसले की वर्दी देतो. या दुसऱ्या रीतीची शास्त्रशुद्ध मांडणी डोरोथी डेनिंग या अमेरिकन विदुषींनी १९८७ साली एका निबंधात केली. पहिल्या रीतीत नवा चोर निसटतो, दुसरीत भला पाहुणाही अडवला जातो. म्हणून दोन्ही लागतात.

पण जागल्याने हाक मारली आणि घरच्यांना ती समजलीच नाही, तर? माझ्या मते खरी मेख इथेच आहे. नॉटपेट्या संगणक बंद करून पुन्हा चालू करी, आणि पडद्यावर मजकूर येई की डिस्कची दुरुस्ती चालू आहे, यंत्र बंद करू नका, नाहीतर माहिती नष्ट होईल. प्रत्यक्षात त्याच वेळी आतल्या माहितीला कुलपे लागत असत! तेव्हा यंत्र ताबडतोब बंद करणे हाच शहाणपणा होता. चोराने घरच्याच माणसाचा आवाज काढला होता, आणि तो आवाज लोकांच्या ओळखीचा होता.

खरे इशारे मात्र कसे असतात पाहा. इंग्रजी वाक्य, पुढे एक लांबलचक आकडा, खाली ‘ओके’. दिवसातून दहादा असे काही आले की माणूस न वाचताच बटण दाबतो. मीही दाबत असे. प्राध्यापक झालो म्हणून काय झाले! याचा दोष एकट्या वापरणाऱ्याच्या माथी मारणे मला पटत नाही. पडदा रचणाऱ्याने काय घडले, त्याने काय बिघडेल आणि आता काय करावे, एवढे तरी साध्या मराठीत सांगावे. धोक्याचे बटण सहज बोटाखाली येईल असे ठेवू नये. आणि उगाच हाका मारू नयेत.

त्या वेळी मर्स्कला ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले.

शिक्षकमित्रांनो, तुमच्या शाळेत संगणक असेल तर एवढे करून पाहा. इशारा आला की मुलाला तो मोठ्याने वाचायला लावा आणि मराठीत अर्थ विचारा. बटण त्यानंतर.