गुडूचीसत्त्व आणि पेशीची भिंत

होटगी परिसरातील निंबावर चढणारी गुडूची आपणांस सुपरिचित आहे. तिचे ताजे कांड कुटून पाण्यात कुस्करले असता तळाशी जो शुभ्र साका बसतो, तेच गुडूचीसत्त्व होय. वनस्पतिपेशीस सेल्युलोजची भिंत असते. कुटल्याने ती फुटते व आतील पिष्टकण मोकळे होतात. प्राणिपेशीस भिंत नसते, केवळ पातळ पटल असते. तिचा शर्करासंचय ग्लायकोजेनच्या रूपाने मुख्यतः यकृतात व स्नायूंत राहतो. सत्त्वात बटाट्याचे पिष्ट मिसळल्यास नुसत्या डोळ्यांस भेद कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्याचे मोठे, वलयांकित कण लपत नाहीत. म्हणून वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी प्रत्येक खेपेचा नमुना अवश्य तपासावा. रुग्णाच्या पोटात गुडूचीच जावी, ही जबाबदारी आपलीच आहे.