पंडिता रमाबाई: संकटांतून सापडलेली शांती

परदेशात राहणाऱ्या आपल्या घरांवर संकट आले, की त्याचा भार दुप्पट वाटतो. नोकरी जाते, आजारपण येते, रात्री-अपरात्री भारतातून फोन येतो, आणि पाठीवर हात ठेवायला नात्याचे माणूस जवळ नसते. अशा वेळी कोणी विठोबाला आळवतो, कोणी गुरुचरित्र उघडतो. मराठी ख्रिस्ती कुटुंबे बायबल उघडतात. त्यांच्या परंपरेतले एक नाव आपण सर्वच शाळेपासून ओळखतो, ते म्हणजे पंडिता रमाबाई. समाजसुधारक म्हणून त्यांची माहिती आपल्याला असते. पण त्यांच्या श्रद्धेचा विषय "पुढे त्यांनी धर्मांतर केले" या एका वाक्यात उरकला जातो. ती श्रद्धा त्यांना कशी मिळाली आणि संकटात कशी उपयोगी पडली, हे थोडे सविस्तर पाहू या.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थयात्रा करीत पायी हिंडे. 1870 नंतरच्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. व्रते, दाने, उपवास सारे करून झाले होते. उपासमारीच्या त्या दिवसांनंतर आपला देवावरचा जुना विश्वास उरला नाही, असे रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवले आहे. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. पण 1880 मध्ये भाऊ गेला आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी. वयाची चोवीस वर्षेही पुरी झाली नव्हती, आणि पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी.

1883 साली वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. कानांनी कमी ऐकू येत असल्याने ते शिक्षण झाले नाही. बरोबर आलेली मैत्रीणही तिथेच वारली. वाँटेज गावी मठातल्या भगिनींकडे त्या राहत होत्या. लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी या भगिनींनी चालवलेला आश्रम त्यांनी पाहिला. अशा बायकांशी कोणी मायेने वागते, हेच त्यांना नवीन होते. यामागे कोणती शिकवण आहे असे विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचायला मिळाली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे आता सारे सुरळीत झाले, असे मात्र नाही. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचे पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. कोणी सांगितले म्हणून एखादे मत मान्य करायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, आपली संस्कृत का नको, असाही त्यांचा प्रश्न होता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले, की आपण धर्म स्वीकारला पण ख्रिस्त आपल्याला अजून सापडलेला नाही. बुद्धीला पटणे वेगळे आणि भार टाकून निश्चिंत होणे वेगळे. आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांना हा फरक चांगला कळतो. सूत्र पाठ असले म्हणून पदार्थ हाती येत नाही. मनाला खरी शांती मिळाली ती या दुसऱ्या टप्प्यावर, असे त्या सांगतात.

मधल्या काळात, 1886 साली, डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या आणि अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. 1887 मध्ये बोस्टनला 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. तिने दहा वर्षे मदतीचे वचन दिले, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. 1893 मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून मोठे वादळ उठले. पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळींनीही अंग काढून घेतले. नवी श्रद्धा त्यांना फुकट मिळाली नव्हती. तिच्यापायी आपली माणसे दुरावली, आणि पालकांची तक्रारही निव्वळ गैरसमज म्हणून झटकून टाकण्याजोगी नव्हती.

खरी कसोटी 1896-97 च्या दुष्काळात लागली. बालपणीची उपासमार आठवणाऱ्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून दौंडजवळच्या केडगावला स्वतःच्या जमिनीवर त्यांची सोय केली. तेच पुढे 'मुक्ती' झाले. लवकरच अमेरिकेच्या वचनाची दहा वर्षेही संपली, आणि 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर आणखी शेकडो मुली आल्या. ठरावीक उत्पन्न नाही आणि जेवणारी तोंडे हजाराच्या वर! प्रार्थनेवर त्यांची भिस्त होती. पण त्याच वेळी विहिरी खोदणे, शेती, विणकाम, छापखाना हे सारे चालू होते. भरवसा ठेवणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, असा अर्थ त्यांनी कधी घेतला नाही.

1921 च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. संस्थेचा भार उचलणारी एकुलती एक लेक. रमाबाईंचे कान पूर्वीच गेले होते, प्रकृतीही खालावली होती. सामान्य बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. लेकीच्या मृत्यूनंतरही ते काम त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, आणि पुढे ते भाषांतर प्रसिद्ध झाले.

त्यांचे धर्मांतर पटो वा न पटो, एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यांची शांती संकट टळल्यामुळे आलेली नव्हती. संकटे शेवटपर्यंत येतच राहिली. आपण एकटे नाही हा भरवसा मात्र टिकला, आणि त्यातूनच दुसऱ्याचे दुःख उचलायचे बळ आले.

आपल्यातल्या एखाद्या घरी वाईट बातमी आली, तर भेटायला जाताना डबा न्यावा, मुलांना शाळेतून आणायचे का ते विचारावे. आणि त्या घरी भजन असो वा येशूची प्रार्थना, ती संपेपर्यंत त्यांच्यासोबत शांत बसावे.