जाणारं पाणी मोजताना

आई सोलापूरची. नळाला पाणी कोणत्या वारी येणार, यावर तिच्या घरातलं धुणं, वाळवणं आणि पाहुणे ठरत आले. त्यामुळे अटलांटातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी तिला सांगितलं, “दिवाळीच्या सुमाराला चार दिवस डोंगरात जाऊ, चाकांवरच्या घरात राहू,” तेव्हा तिनं गाडीविषयी काही विचारलं नाही, अस्वलांविषयीही नाही. तिनं विचारलं, “तिथं पाणी किती दिवसांआड येतं?”

पाणी तिथं चोवीस तास येतं. अडचण वेगळीच असते. पण ती कळायला आधी जागा आणि गाडी समजून घ्यायला हवी.

कातड्याच्या कारखान्याची जमीन

आम्ही निवडलेलं ठिकाण म्हणजे जॉर्जिया राज्याच्या उत्तरेला, ब्लेअर्सव्हिल गावाच्या दक्षिणेस ११ मैलांवर असलेलं व्होगेल स्टेट पार्क. आकारानं लहान, पण १९३१ साली राज्यानं उद्यानं सुरू केली, तेव्हाच्या पहिल्या दोनांपैकी हे एक. ही जमीन मिलवॉकीच्या व्होगेल कुटुंबाची. त्यांचा चामडं कमावण्याचा कारखाना होता आणि त्यासाठी ओक व हेमलॉक या झाडांची साल इथल्या जंगलातून जायची. आपल्याकडे ज्या कामाला बाभळीची साल आणि हिरडा वापरत, तेच काम. पुढे कुटुंबानं ही जमीन राज्याला दिली.

मंदीच्या काळात, १९३३ मध्ये, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांसाठी ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ काढलं. महिना ३० डॉलर पगार. त्यातले साधारण २५ थेट घरी आईवडिलांकडे. आपल्या रोजगार हमीशी नातं सांगणारी ही योजना १९४२ पर्यंत चालली. तिच्या पोरांनी व्होगेलचा बांध घातला, लाकडी खोल्या बांधल्या, रस्ते काढले. बांधामागचं ते २२ एकरांचं तळं म्हणजे लेक ट्राहलायटा. तळ्याला दंतकथेतल्या चेरोकी तरुणीचं नाव आहे. इथले मूळ रहिवासी असलेल्या खुद्द चेरोकींना मात्र १८३८ मध्ये या डोंगरांतून बळानं हाकलून पश्चिमेला धाडलं गेलं. त्याच्या दहाच वर्षं आधी जवळच्या डलोनिगा भागात सोनं सापडलं होतं.

उद्यानाच्या डोक्यावर ब्लड माउंटन उभा आहे. उंची ४,४५८ फूट, म्हणजे साधारण आपलं महाबळेश्वर. राज्यातलं सर्वोच्च शिखर, ब्रासटाउन बाल्ड, ४,७८४ फुटांचं, कळसूबाईहून ठेंगणं. उंचीसाठी कुणी इथं येत नाही. लोक येतात ते रंगांसाठी. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत मेपल आणि सोरवुड लाल होतात, हिकरी आणि ट्यूलिप पॉप्लर पिवळे पडतात.

पंचांग आणि तेरा महिने

जॉर्जियाच्या उद्यानांत तेरा महिने आधी जागा राखता येते. पानगळीच्या शनिवार-रविवारच्या जागा खुल्या होताच संपू लागतात. आता दिवाळी तर दरवर्षी सरकते. ज्या वर्षी अधिक मास येतो त्या वर्षी ती हमखास नोव्हेंबरकडे झुकते. म्हणजे जागा राखायची तर पुढच्या वर्षीचं पंचांग आधी पाहायला हवं, आणि तेव्हा भिंतीवर चालू वर्षाचंच कॅलेंडर असतं. बायकोनं मोबाइलवर तिथ्या काढल्या, आईनं त्या बोटांवर मोजून तपासल्या, मग आम्ही पैसे भरले. तेरा महिने हुकले तरी नाद सोडू नये. मधल्या वारी जागा मिळते आणि शेवटच्या आठवड्यांत लोक रद्दही करतात.

राखताना नुसती तारीख पाहून भागत नाही. प्रत्येक जागेपुढे तिची लांबी, विजेचा जोड किती अँपिअरचा आणि गाडी मागे घेत लावायची की सरळ आत जायची, हे लिहिलेलं असतं. डोंगरातल्या जुन्या उद्यानांत अनेक जागा आखूड आणि उतारावर असतात. गाडी पंचवीस फुटांची असेल तर तीस फुटांची जागा घ्यावी. आणि एक गोष्ट ठळक खूण करून वाचावी: जागेवर सांडपाण्याची जोडणी आहे की नाही.

विंचवाचं बिऱ्हाड

पाठीवर बिऱ्हाड घेणाऱ्या या गाड्यांना अमेरिकेत सगळे आर.व्ही. म्हणतात. क्लास ए म्हणजे जवळजवळ बस. क्लास बी म्हणजे आतून सजवलेली व्हॅन. दोघांना पुरे, चौघांना भांडणं. क्लास सी ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली असते आणि चालकाच्या डोक्यावर झोपायला माळा असतो. आमच्या लेकीनं तो माळा पाहिला आणि निवड तिथंच संपली. याशिवाय मागे ओढायचे ट्रेलर असतात; ते स्वस्त पडतात, पण ओढणारी दणकट गाडी लागते आणि मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवण्याची सवयही.

२६,००० पौंडांखालची अशी गाडी जॉर्जियात साध्या परवान्यावर चालवता येते. भाड्यात नुसतं दिवसाचं भाडं धरू नये. मैलामागे आकार, जनरेटरचे तास, अंथरुणं-भांडी, विमा, साफसफाई हे सगळं वेगळं निघतं. पेट्रोल गॅलनला आठ-दहा मैल, म्हणजे लिटरला जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर.

गाडी ताब्यात घेतल्यावर तिची उंची चिठ्ठीवर लिहून समोर चिकटवावी. अकरा-बारा फुटांची गाडी आपण चालवतोय हे डोकं विसरतं, आणि पेट्रोल पंपाचं किंवा खानावळीच्या खिडकीवरचं छप्पर त्याची आठवण करून देतं.

जवळचा रस्ता, सोपा रस्ता

अटलांटाहून व्होगेलला दोन वाटा. नकाशा बहुधा डलोनिगावरून यूएस १९-१२९ नं, नील गॅप खिंडीतून नेतो. ती वाट देखणी आहे, पण नागमोडी. मोठ्या गाडीला दुसरी बरी: आय-५७५, मग चौपदरी ५१५ नं जॅस्पर, एलिजे, ब्लू रिज करत ब्लेअर्सव्हिल, आणि तिथून दक्षिणेला. थोडं जास्त अंतर, पुष्कळ कमी घाम. वाटेत एलिजेला सफरचंदांच्या बागा लागतात, तो नफा वेगळा. उद्यानाजवळून निघणारा वुल्फ पेन गॅपचा रस्ता मात्र मोटारसायकलवाल्यांसाठी ठेवावा.

उतारावरचा नियम आपल्या एसटीच्या चालकांना पाठ असतो: ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. गाडी ऑटोमॅटिक असली तरी खालचा गिअर हातानं लावता येतो. इंजिनाला गाडी धरू द्यावी. नुसत्या ब्रेकवर पाय ठेवून उतरलं तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर निकामी होतात.

आणि शक्य असेल तर एक छोटी मोटार मागून येऊ द्यावी. आर.व्ही. एकदा लावून जोडण्या केल्या की दुधाच्या पिशवीसाठी ती हलवणं म्हणजे घर मोडणं. बायको आमच्या गाडीनं मागे होती, म्हणूनच ब्रासटाउन बाल्ड झालं आणि नील गॅपही. तिथल्या जुन्या दगडी इमारतीच्या बोळकांडीतून अ‍ॅपलेशियन ट्रेल चक्क छपराखालून जाते. ही पायवाट जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेन राज्यापर्यंत २,१०० मैलांहून लांब आहे. आई त्या बोळातून या टोकाकडून त्या टोकाला गेली आणि म्हणाली, “झाली माझी.”

३,६०० वॅटचा संसार

जागेवर पोचल्यावर आधी गाडी समतल करायची. चाकांखाली ठोकळे घालायचे. वाकड्या गाडीत गॅसवर चालणारा जुन्या धाटणीचा फ्रीज नीट चालत नाही, आणि झोपलेल्या माणसाचं डोकं पायांखाली जातं. मग वीज. ३० अँपिअरच्या जोडावर १२० व्होल्टच्या हिशेबानं ३,६०० वॅट मिळतात. विजेचा हीटर १,५००, चहाची किटली १,५००, मायक्रोवेव्ह हजारावर. पहिल्याच सकाळी आम्ही तिन्ही एकदम लावले आणि अंधार झाला. त्यानंतर घरात ओरडून परवानगी मागायची पद्धत पडली: “किटली लावू का?”

फोडणी आत करू नये, हेही त्याच सकाळी शिकलो. एवढ्याशा जागेत मिरचीचा धूर झाला की धुराची घंटा वाजते आणि शेजारचे लोक बाहेर येऊन पाहतात. ती घंटा काढून ठेवायची नाही. गॅसच्या गाडीत ती आणि कार्बन मोनॉक्साइडची घंटा दोन्ही जीव वाचवतात. शेगडी बाहेरच्या लाकडी टेबलावर न्यावी. काम झालं की कढई, तेल, कचरा सगळं आत किंवा मोटारीत बंद करावं. इथल्या काळ्या अस्वलांना चकलीचं वावडं नाही. जळण मात्र घरून आणू नये. लांबच्या लाकडातून झाडं पोखरणारी कीड प्रवास करते. ज्या हेमलॉकची साल कारखान्याला पुरत होती, त्या हेमलॉकना आज आशियातून आलेला कापसासारखा पांढरा कीटक वाळवून टाकतो आहे.

येणारं आणि जाणारं

आता आईच्या प्रश्नाकडे. गाडीत तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक बेसिन आणि न्हाणीतल्या सांडपाण्याची, एक संडासाची. उद्यानाच्या नळाला पिण्याच्या पाण्याची खास नळी जोडली, मध्ये दाब कमी करणारा तुकडा बसवला, की पाणी अखंड. पण व्होगेलमध्ये आमच्या जागेला सांडपाण्याची जोडणी नव्हती. आत आलेला प्रत्येक थेंब गाडीच्या पोटातच राहणार, आणि सांडपाण्याची टाकी तीस-चाळीस गॅलनांची. शॉवर मिनिटाला दोन गॅलन घेतो. चौघांनी पाच-पाच मिनिटं अंघोळ केली की टाकी भरली. मग ते पाणी न्हाणीच्या जाळीतून पायांशी वर येतं.

आईनं हे ऐकून घेतलं. “म्हणजे येणारं नाही मोजायचं,” ती म्हणाली, “जाणारं मोजायचं.”

अख्खी सहल या एका वाक्यात बसते. शहरातल्या घरात बटण दाबलं, साखळी ओढली, की विषय संपतो. इथं आपलंच पाणी, आपलीच वीज, आपलाच मैला आपल्यासोबत फिरतो आणि भिंतीवरचे चार दिवे तो किती झाला ते दाखवतात. आईनं भांडी घासायला एक घमेलं ठेवलं. ताटं आधी कागदानं पुसली. आंघोळीला उद्यानाच्या गरम पाण्याच्या न्हाणीघरात आम्हाला पिटाळलं. चार दिवसांनी टाकी अर्धीच भरली होती.

निघताना उद्यानातल्या ठरलेल्या ठिकाणी टाक्या रिकाम्या करायच्या. हातमोजे घालायचे. आधी मैल्याची टाकी, मग सांडपाण्याची. म्हणजे मागून येणारं साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं. जिथं कायमची जोडणी असते तिथंही मैल्याची झडप उघडी ठेवायची नाही, नाहीतर पाणी निघून जातं आणि बाकीचं आत वाळतं. हे काम करताना फराळाच्या गप्पा मारू नयेत.

स्वच्छ टाकीत वीसेक गॅलन शिल्लक होते. रात्री पारा शून्याकडे जायचा, नळी गोठू नये म्हणून ती सोडवून ठेवायचो आणि टाकीतलं पाणी वापरायचो, त्यातलं उरलेलं. गॅलनचं वजन सव्वाआठ पौंडांवर. वीस गॅलन म्हणजे पंचाहत्तर किलो. उतरणीला तेवढं ओझं नको म्हणून मी टाकीचा नळ सोडला.

“थांब,” आई म्हणाली. आतून दोन पातेली आणली, भरली, झाकणं लावून मोटारीत पायांशी ठेवली.

“आई, दोन तासांनी घर आहे. घरी नळ आहे.”

“असू दे,” ती म्हणाली, आणि पातेलं पायांमध्ये घट्ट धरून बसली.