माध्यमिक शाळेतील सामाजिक शास्त्रांचा शिक्षक : पात्रता व पूर्वतयारी

गावातील मुले बारावी उत्तीर्ण झाली म्हणजे पुढे काय करावे, हे विचारावयास बहुधा प्राथमिक शाळेतील गुरुजींकडे किंवा बाईंकडेच येतात. त्यांपैकी काहींच्या मनात माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवावा असे असते. कित्येक प्राथमिक शिक्षकही सेवेत राहून पदवी संपादन करतात व माध्यमिक शाळेकडे वळण्याचा विचार करतात. या दोघांचेही नुकसान पुष्कळदा एकाच गैरसमजुतीने होते. बी. एड्. झाले की कोणताही विषय शिकविता येईल, असे त्यांना वाटते. वस्तुतः शिक्षकाचा विषय बी. एड्. च्या पूर्वी, पदवीचे विषय निवडतानाच ठरत असतो.

विषयाचे स्वरूप

माध्यमिक शिक्षणासाठी १९५२-५३ मध्ये नेमलेल्या मुदलियार आयोगाने सामाजिक शास्त्रांना अभ्यासक्रमाच्या गाभ्यात स्थान दिले. महाराष्ट्रात नववी-दहावीला 'इतिहास व राज्यशास्त्र' आणि 'भूगोल' अशी त्यांची विभागणी आहे. २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या पुस्तकांवरून या विषयाची व्याप्ती ध्यानात येते. इतिहासाच्या पुस्तकात राजांच्या सनावळ्या नसून इतिहासलेखनाची परंपरा व इतिहासाचे व्यवहारातील उपयोजन आहे. भूगोलाच्या पुस्तकात भारत व ब्राझील या देशांची तुलना आहे. ज्याने पदवीला यांपैकी एकही विषय अभ्यासिला नाही, त्यास केवळ पाठ्यपुस्तकाच्या आधारे हे शिकविणे कठीण जाते.

पदवी

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार नववी-दहावीच्या शिक्षकास पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि बी. एड्. ही सर्वसाधारण अर्हता आहे. येथे 'किंवा' हा शब्द महत्त्वाचा आहे. बी. ए. ला ४८ टक्के गुण मिळालेल्या उमेदवाराने निराश होण्याचे कारण नाही; एम्. ए. ला ५० टक्के मिळवून त्यास ही अट पूर्ण करता येते. मागासवर्गीय उमेदवारांस शासनाच्या नियमांप्रमाणे गुणांची सवलत असते.

भरतीच्या जाहिरातीत विषय नमूद असतो व उमेदवाराची पदवी त्याच्याशी ताडून पाहिली जाते. म्हणून बी. ए. ला इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांतील निदान दोन विषय घेणे हिताचे होय. केंद्रीय विद्यालयांच्या भरतीत तर या चारांपैकी दोन विषय, व त्यांत एक इतिहास किंवा भूगोल, अशी स्पष्ट अट घातलेली आढळते. मराठी व हिंदी घेऊन पदवीधर झालेला विद्यार्थी उत्तम असला, तरी या जागेसाठी तो बाजूस पडतो.

प्रशिक्षण

२०१५ पासून बी. एड्. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. त्यात किमान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत अनुभव घ्यावा लागतो. प्रवेशासाठी राज्याची सामाईक परीक्षा द्यावी लागते. अध्यापन पद्धतीचे विषय निवडताना ते पदवीच्या विषयांशी जुळतील असे पाहावे. पदवीला इतिहास व पद्धतीला दुसराच विषय, अशी विसंगती पुढे अडचणीची ठरते. महाविद्यालयास परिषदेची मान्यता आहे किंवा नाही, हे शुल्क भरण्यापूर्वीच पडताळून घ्यावे. बारावीनंतर थेट चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही २०२३-२४ पासून काही निवडक संस्थांत सुरू झाला. त्यात पदवी व बी. एड्. एकत्र असल्याने एक वर्ष वाचते.

परीक्षा

दोन परीक्षांची नावे सारखी वाटल्याने गोंधळ होतो. शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, ही २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आवश्यक ठरविली. तिच्या दुसऱ्या पेपरात १५० पैकी ६० प्रश्न सामाजिक शास्त्रांवर घेता येतात. दुसरी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ती महाराष्ट्रात प्रथम डिसेंबर २०१७ मध्ये झाली. तिचे प्रश्न २००, पैकी १२० अभियोग्यतेचे व ८० बुद्धिमत्तेचे. तिच्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल नसून गुणांवर भरतीतील क्रम ठरतो.

नववी-दहावीपुरता विचार केल्यास २०१० ची टीईटीची अट लागत नाही. परंतु अनेक माध्यमिक शाळा पाचवीपासून भरतात आणि तेथील शिक्षकास सहावी ते आठवीचे तासही घ्यावे लागतात. म्हणून टीईटीचा दुसरा पेपर उत्तीर्ण होऊन ठेवणे शहाणपणाचे. २०२१ च्या निर्णयाने तिचे प्रमाणपत्र आजीवन ग्राह्य ठरले.

सेवेतील शिक्षकांसाठी

डी. एड्. झालेल्या सेवेतील शिक्षकास पदवीनंतर दूरशिक्षणाने बी. एड्. करण्याची तरतूद २०१४ च्या विनियमांत आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने अशा शिक्षकांची सोय केली. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचून व कार्यालयाची लेखी परवानगी घेऊन मगच प्रवेश घ्यावा.

माध्यमिक शाळेत जाणे ज्यांना जमणार नाही, त्यांच्या दृष्टीनेही विषयाची पदवी वाया जात नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी सामाजिक शास्त्रांचा स्वतंत्र शिक्षक असावा लागतो, आणि पदवीधर शिक्षकाच्या जागेसाठी पदवीचा विषय पाहिला जातो. मात्र १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदोन्नतीसाठीही टीईटी आवश्यक असल्याचा निर्णय दिला, हे शिक्षकांनी विसरू नये.

सल्ला देताना

सल्ला मागावयास आलेल्या विद्यार्थ्यास शिक्षकांनी चार प्रश्न क्रमाने विचारावेत : पदवीला कोणते विषय घेणार? ५० टक्के गुणांची सिद्धता आहे काय? बी. एड्. ची संस्था मान्यताप्राप्त आहे काय? आणि कोणती परीक्षा केव्हा देणार? यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर पुढील पाच वर्षांच्या श्रमाने ते सहसा दुरुस्त होत नाही. खेड्यातील ज्या घरात शिक्षणाचा खर्च एकाच मुलासाठी कसाबसा निघतो, तेथे ही पाच वर्षे फार मोलाची असतात. म्हणून हा प्रश्न बारावीच्या निकालाच्या आठवड्यातच विचारला जावा.